साचा कोणता: पॉलिस्टायरीन की सिलिका?

नागपुरातल्या आमच्या लॅबमधला ज्युनिअर अडला होता, "दादा, पोकळ मायक्रोस्फिअरसाठी साचा कोणता घेऊ?"

मायक्रोस्फिअर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म गोळा. तो पोकळ हवा, तर आधी साच्याच्या बारीक गोळ्यावर कवच चढवायचं, मग आतला साचा काढून टाकायचा. साचे बनवायला दोन्ही सोपे. खरी गोम साचा काढण्यात. पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचं प्लास्टिक, टोल्युइन या द्रावकात विरघळतं किंवा भट्टीत ५०० अंशांच्या आसपास जळून जातं. पण तापमान भराभर चढवलं की आतला वायू कवच फोडतो. माझ्या पहिल्या खेपेला सूक्ष्मदर्शकाखाली नुसती टरफलं दिसली, सोललेल्या संत्र्यासारखी! मिनिटाला एक-दोन अंश, बस.

सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, उष्णतेला बधत नाही, पण काढायला गरम कॉस्टिक सोडा लागतो. हायड्रोफ्लोरिक आम्लानेही जाते. त्याच्या वाटेला जाऊ नये, ते हाडापर्यंत पोचतं.

टायटानियाचं (टायटॅनियम डायऑक्साइडचं) साधं कवच हवं, तर पॉलिस्टायरीन. कार्बनचं कवच ८०० अंशांवर भाजायचंय, किंवा आत सोन्याचा कण खुळखुळ्यासारखा सुटा ठेवायचाय, तर सिलिका.