मुरुमांवर नऊ महिने : वेंगुर्ल्यातल्या एका वहीचा हिशेब

माझे वय ३१ आहे आणि मुरुम माझ्या चेहऱ्यावर आले ते २८व्या वर्षी, म्हणजे ज्या वयात ते आपोआप जातात असे सगळे सांगतात त्या वयात. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येणाऱ्या मोठ्या, दुखऱ्या गाठी हा एक प्रकार आणि कपाळभर पसरलेली बारीक पुरळ हा दुसरा. हे दोन निराळे विकार असू शकतात, हे मला फार उशिरा कळले. मागच्या दिवाळीपासून यंदाच्या नारळी पौर्णिमेपर्यंत मी जे लावले, जे खाल्ले आणि जे बंद केले, त्याचा हा अनुभव आहे. वेंगुर्ल्यात एका काजू कारखान्यात मी हिशेब पाहते, त्यामुळे सवयीने याचीही नोंद ठेवली. दर रविवारी सकाळी तोंड धुतल्यावर पडवीतल्या उजेडात आरसा धरायचा, मुरुम मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. पहिल्या रविवारी तो २६ होता. ही वही नसती तर मी आज निराळेच काही सांगितले असते, कारण आपल्या चेहऱ्याची आपली आठवण लबाड असते.

दिवाळीपूर्वीचा एक प्रसंग आधी सांगते, कारण घरगुती उपायांकडे मी वळले ती त्याच्यामुळे. बाजारात एका दुकानदाराने काउंटरवरूनच एक मलम दिले होते. चार दिवसांत चेहरा असा नितळ झाला की शेजारणीही तेच मलम घेऊन आल्या. दोन महिन्यांनी ते संपले आणि आठवड्याच्या आत गाल लाल होऊन चुरचुरू लागले, पूर्वी नव्हते तिथेही फोड आले. तेव्हा कुठे मी नळीवरची बारीक अक्षरे वाचली, आणि त्यांत बेटामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाले आहेत, पण काउंटरवर नियम कोण विचारतो? स्टेरॉइड सूज दाबते म्हणून त्वचा लगेच निवळल्यासारखी दिसते. मुरुमाचे मूळ मात्र तसेच राहते आणि वर त्वचा पातळ होते. त्यानंतर मी ठरवले की आता जे घरात, परड्यात मिळते तेवढेच लावायचे.

मुरुम तयार कसा होतो हे ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही उपायाची पारख करता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. केसाच्या मुळाशी असलेली ग्रंथी तेल तयार करते, आणि वयात येताना किंवा संप्रेरके बदलताना ते जास्त तयार होते. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आत तेल साचते, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा एरवीही त्वचेवर राहणारा जंतू वाढतो आणि शरीर त्याला सूज आणून उत्तर देते. हे बूच बसल्यापासून मुरुम डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. याचा अर्थ असा की आज दिसणारा मुरुम हा मागच्या महिन्यातला असतो, आणि कोणताही उपाय आठ ते बारा आठवडे केल्याशिवाय लागू पडला की नाही हे सांगता येत नाही. 'तीन दिवसांत फरक' असे जिथे लिहिलेले असते, तिथे मला आता ती मलमाची नळी आठवते.

सुश्रुतसंहितेत या विकाराला मुखदूषिका म्हटले आहे आणि त्या पुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त यांची नावे येतात. आमच्या घरामागे सावर आहे. तिच्या खोडावरचे काटे हाताने पाहिले तर ही उपमा किती नेमकी आहे ते कळते: बूड रुंद, टोक टणक, आणि दाबले तर दुखते ते आपल्यालाच. आजीने तेच काटे सहाणेवर दुधात उगाळून दिले. काटा उगाळायला वेळ लागतो. पाव तास हात फिरवल्यावर सहाणेवर जेमतेम चमचाभर तांबूस, तुरट वासाची उटी जमते. ती वाळली की कातडी ताणल्यासारखी होते आणि वरचे तेल कमी झाल्यासारखे वाटते. याच्या जोडीला लोध्र, धने आणि वेखंड यांचा जुन्या ग्रंथांतला लेप होता, आंबेहळद होती, जायफळ होते. कडुनिंब मात्र आमच्या वाडीत नाही, पाडव्यालादेखील त्याचा पाला बाजारातून आणावा लागतो, म्हणून ते प्रकरण लवकर आटोपले.

दहा आठवडे मी हे लेप नेमाने लावले. वहीतला आकडा २६ वरून २३ वर आला, आणि इतका फरक तर काही न करताही पडू शकतो. लाल, टचटचीत पुळीची धग लेपाने कमी होते, हे मी नाकारणार नाही. पण लेप कातडीच्या वर बसतो आणि बूच आत खोल असते. जायफळाने तर नुकसानच केले, कारण घट्ट उगाळलेले जायफळ रात्रभर ठेवल्याने दोन ठिकाणी कातडी भाजल्यासारखी झाली आणि तिथले काळे डाग अजून गेलेले नाहीत. आपल्या सावळ्या कातडीचा हा जुनाच त्रास आहे; मुरुम आठवड्यात जातो आणि त्याचा डाग पुढे महिनोन्महिने राहतो. त्यामुळे चेहऱ्याला चुरचुरणारे काहीही, मग ते झाडाचे असो की नळीतले, आम्हाला दुप्पट महाग पडते. लिंबू चोळून उन्हात जाणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण लिंबाच्या रसावर ऊन पडले की कातडी होरपळते.

खरा फरक पडला तो खोबरेलाने, म्हणजे ते सोडल्याने. किनाऱ्यावरच्या माणसाला हे लिहिताना संकोच वाटतो. "तोंडाक खोबरेल लाव गो, सगळा जातला," असे आजी लहानपणापासून सांगत आली, आणि मी रात्री चेहऱ्याला व रोज सकाळी केसांना घाण्याचे तेल लावतच होते. खोबरेलातले लॉरिक आम्ल प्रयोगशाळेत मुरुमांच्या जंतूला मारते हे खरे आहे आणि त्याचा हवाला सतत दिला जातो. परंतु तेच खोबरेल रंध्रे बुजवणाऱ्या तेलांच्या यादीत फार वर असते; शून्य ते पाच अशा प्रचलित मापावर त्याला चार दिले जातात. ही मापे मुळात सशाच्या कानावरच्या प्रयोगांतून आली, त्यामुळे ती डोळे मिटून मानायची गरज नाही. म्हणूनच मी स्वतःवर पाहिले. जानेवारीच्या मध्यापासून चेहऱ्याचे तेल पूर्ण बंद केले आणि केसांचे तेल फक्त शनिवारी रात्री, केस बांधून, उशीवर पंचा घालून. आमच्या दमट हवेत केसांतले तेल घामाबरोबर कपाळावर कसे उतरते, हे त्या पंच्याच्या पिवळ्या कडेने मला दाखवले. मार्चअखेर आकडा १५ होता. ओठ आणि टाचा फुटल्या तर मी मुठेल, म्हणजे कोकमाचे घट्ट तेल, वापरते. ते चेहऱ्यावर लावून पाहण्याचे धाडस मात्र केले नाही.

याच काळात मी खाणेही बदलले, त्यामुळे सगळे श्रेय तेलाला देणे हिशेबात बसत नाही. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार बारा आठवडे घेतलेल्यांचे मुरुम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. साखर वाढली की इन्सुलिन वाढते आणि त्यातून तेलग्रंथींना चालना मिळते, अशी त्याची उपपत्ती आहे. यासाठी मला परदेशी काही आणावे लागले नाही. सकाळचा गोड चहा आणि खारी बिस्किटे बंद करून उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी सुरू केली, पांढरा भात कमी केला, आणि बांगडा व तारली तळण्याऐवजी तिखल्यात, म्हणजे मालवणी तिखट कालवणात, घातली. नारळ खाण्यातून काढला नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरचे लोक कंदमुळे, मासे आणि नारळ खाऊन राहतात आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यात एकही मुरुमाचा रुग्ण आढळला नाही. तेव्हा सोलकढीवर राग काढण्याचे कारण मला दिसत नाही.

एप्रिलमध्ये टी ट्री तेलाचे, म्हणजे एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या तेलाचे, पाच टक्क्यांचे जेल मागवले. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी ज्याची रीतसर तुलना झाली आहे असे हे थोडक्यांतले एक. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातच १२४ रुग्णांवर त्याची बेन्झॉइल पेरॉक्साइडशी, म्हणजे मुरुमांवर लावायच्या नेहमीच्या औषधाशी, तुलना झाली होती. दोन्ही लागू पडले, टी ट्री सावकाश, पण त्रास कमी देऊन. माझा अनुभव अगदी तसाच आहे. लहान, पिकू लागलेली पुळी दोनतीन दिवस लवकर बसते, हनुवटीच्या खोल गाठीला ते पोचत नाही. शुद्ध तेल कधीही थेट लावू नये, आणि बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये. उष्णतेने आणि हवेने जुने झालेले तेल कातडीला ॲलर्जी देते. माझी पहिली बाटली अशीच वाया गेली.

मे महिन्यात आकडा पुन्हा १९ झाला आणि घरात सगळ्यांनी आंब्याला धरले. 'आंबा बाधला' हे आमच्याकडचे ठरलेले निदान. यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. आंब्याच्या देठाचा चीक ओठांना लागून जी पुरळ उठते ती मुरुमे नव्हेतच, तो चिकाचा दाह असतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि आमच्या कारखान्यात टरफलाचे तेल हातावर उडालेल्या बायकांची कातडी कशी होते ते मी रोज पाहते. दुसरी गोष्ट माझ्या कपाळावर होती: एकसारखे, बारीक, खाजणारे दाणे. मुरुम सहसा इतका खाजत नाही, पण हे मला कळायला कुडाळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे लागले.

डॉक्टरांनी चेहऱ्याच्या आधी पाळीची चौकशी केली. मोठ्या वयात जबड्याच्या कडेने मुरुम येत असतील, पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस वाढत असतील तर पीसीओएसची, म्हणजे बीजाशयाशी निगडित संप्रेरकांच्या विकाराची, तपासणी करावी लागते. माझी तपासणी व्यवस्थित आली. कपाळावरचे दाणे यीस्टचे निघाले. ही बुरशी तेलावर जगते आणि घामट हवेत फोफावते. केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या शाम्पूचा फेस कपाळावर काही मिनिटे ठेवून धुतल्याने तीन आठवड्यांत ते गेले. ज्या पुरळीवर मी दहा आठवडे सहाण झिजवली होती, ती मुरुमे नव्हतीच. हनुवटीच्या गाठींसाठी रात्री वाटाण्याएवढे ॲडापेलीन, म्हणजे रंध्रांतले बूच मोकळे करणारे औषध, आणि सकाळी अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड मिळाले. गर्भधारणेचा विचार असेल तर ॲडापेलीन घेऊ नये, हे त्यांनी दोनदा सांगितले. पहिले तीन आठवडे कातडी सोलली आणि मुरुम थोडे वाढलेही, पण आठ ते बारा आठवड्यांचा हिशेब आता मला पाठ असल्याने मी थांबले. बेन्झॉइल पेरॉक्साइडने माझ्या निळ्या टॉवेलवर पांढरे ठिपके पाडले आहेत. त्यासाठी पांढराच पंचा ठेवावा.

आंघोळीनंतर मी परड्यातल्या कोरफडीचा गर लावते, पान कापून त्यातला पिवळा चीक आधी पूर्ण निथळू देते. सोलणाऱ्या कातडीला त्याने आराम पडतो आणि त्याहून जास्त अपेक्षा मी त्याच्याकडून ठेवत नाही. डागांसाठी सनस्क्रीन लावते, ते मात्र अजून जमलेले नाही. बंदरावरच्या घामात दुपारी दोनपर्यंत त्याचे ओघळ येतात. सहाण पुन्हा देवघरात गेली आहे. आजीने हल्ली आग्रह सोडला असला तरी शनिवारी रात्री माझ्या डोक्याला तेल तीच घालते आणि रविवारी सकाळी मी मोजायला बसले की आकडा आधी तिला सांगावा लागतो. नारळी पौर्णिमेआधीच्या रविवारी तो सहा होता.