अडीचशे किलो पेलणारं साडेचार किलोचं वर्कबेंच

बेळगावच्या अनगोळात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. रंधा मारायचा तर गॅलरीत पाटावर फळी ठेवायची आणि पायानं दाबून धरायची. उद्यमबागेत फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, बावीस वर्षं लाकूड तासलेला माणूस मी, पण आता गुडघे कुरकुरतात. म्हणून घडीचं वर्कबेंच, म्हणजे सुतारकामाचं टेबल, हवं होतं, काम झालं की मिटून दाराआड ठेवायला.

मोबाइलवर जाहिरात दिसली. ‘स्टॉक क्लिअरन्स’, ७,९९९ वर काट मारून २,४९९. पोलादी पाय, फळी धरायला बांबूचे जबडे, पेलणार २५० किलो. पैसे पार्सल आल्यावर. एवढ्यावर मी भाळलो.

कुरिअरवाला पोरगा जिन्यातच थांबला. “आधी पैसे, मग पेटी. उघडून बघायचं नाही, काका.” पेटी त्यानं एका हातात धरली होती. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पोलादाचं बेंच कुणी एका हातानं जिना चढवतं काय? नंतर खालच्या किराणा दुकानाच्या काट्यावर घातलं तर साडेचार किलो. भक्कम बेंच दहा-पंधरा किलोचं असतं.

ही घडीच्या बेंचची कल्पना रॉन हिकमन नावाच्या माणसाची. ‘वर्कमेट’ म्हणून ते ब्लॅक अँड डेकर या हत्यारांच्या कंपनीनं सत्तरच्या दशकात बाजारात आणलं. त्यातली खरी अक्कल जबड्यात. दोन टोकांना दोन वेगळे स्क्रू असतात. एक जास्त आवळायचा, एक कमी, म्हणजे निमुळता तुकडाही घट्ट बसतो. माझ्या पेटीतल्या बेंचला मुठी दोन होत्या, पण आत नट प्लास्टिकचे. खानापूरहून आणलेली सागवानी फळी आवळली, दुसऱ्याच पिळाला एका बाजूचे आटे गेले. दुसरी बाजू धरून राहिली म्हणून रंधा लावला, तर बेंचच माझ्याबरोबर चालायला लागलं. पायांचे रिव्हेट एवढे ढिले की सगळा सांगाडा तिरका व्हायचा. २५० किलो म्हणजे वरून सरळ ठेवलेलं ओझं. रंध्याचा जोर आडवा, त्याचा आकडा कुठंच छापलेला नसतो. बांबूचे जबडे म्हणजे वरून कागद चिकटवलेला दाबलेला भुसा. आमच्या बेळगावच्या पावसात आठवड्यात कडा पावासारख्या फुगल्या.

शेजारचे मिस्त्री येऊन बघून गेले. “हे कुठनं आणलासा ओ? ह्याच्यावर पापड वाळत घाला की.”

इथवर नुकसान २,४९९ चं. पुढचं सांगायला जड जातं. साइटवरच्या नंबरावर तक्रार केली होती, पाचव्या दिवशी फोन आला. गोड हिंदी. “रिफंड पाठवतोय, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका.” मी टाकला. खात्यातून आणखी २,४९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायलाच लागतो. हे मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी मीच मेहुण्याला समजावलं होतं. पण नेमका तोच आकडा स्क्रीनवर दिसला आणि माझेच पैसे परत येताहेत असं वाटलं.

मुलीनं लगेच १९३० ला फोन लावला, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. बँकेलाही कळवलं. मालाची तक्रार १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवलेत, पैसे अजून आलेले नाहीत. साइट आता उघडतच नाही.

आता घेणार असाल तर दुकानात जा. बेंच उघडा, वरच्या कडेला दोन्ही हातांनी आडवा धक्का द्या. जबड्यात तिरका तुकडा धरून बघा, आणि खाली वाकून नट लोखंडी आहे का तेही बघा. पार्सलच मागवलंत आणि कुरिअरवाला उघडून दाखवत नसेल, तर ते सरळ परत पाठवा.

मिस्त्रींनी त्यांच्याकडचा बाभळीचा जुना बाक दिलाय. तो मिटत नाही, गॅलरी अर्धी त्यानंच भरलीय. बायको रोज त्याला अडखळते आणि रोज मला २,४९९ ची आठवण करून देते. दुसरे २,४९९ तिला अजून माहीत नाहीत.