नम्पाय २.० : उद्यमबागेतून एक अभिप्राय

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कास्टिंगच्या कठीणपणाच्या नोंदी ठेवणारा पायथन प्रोग्राम मी सांभाळतो. त्याचा सगळा डोलारा नम्पाय या आकडेमोडीच्या मुक्तस्रोत लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा आहे. तिची २.० आवृत्ती १६ जून २०२४ रोजी आली. २००६ नंतरचा हा पहिलाच मोठा आवृत्तीबदल होता आणि जुन्या नम्पायवर कंपाइल केलेली (यंत्राच्या भाषेत बांधलेली) मॉड्यूल त्यावर चालणार नव्हती, म्हणून मी काही महिने थांबूनच हात घातला.

या बदलाची पूर्वतयारी मला सर्वांत आवडली. २.० वर बांधलेले पॅकेज जुन्या १.x वरही चालेल अशी सोय केल्यामुळे इतर लायब्ररींच्या कर्त्यांना दोन वेगळी पॅकेजे काढावी लागली नाहीत. नम्पायवर उभ्या असलेल्या सायपाय आणि पांडाज या लायब्ररींच्या १.१३ आणि २.२.२ या सुसंगत आवृत्त्या एप्रिलमध्येच, म्हणजे मूळ प्रकाशनाच्या आधी, हाताशी होत्या. कोणते पॅकेज तयार आहे आणि कोणाचे काम अडले आहे, याची यादीही सर्वांना पाहता येत होती. माझ्या कोडमधील, २.० मध्ये काढून टाकलेली नम्पायची जुनी नावे रफ या कोड तपासणाऱ्या साधनाच्या एनपीवाय२०१ नियमाने काही मिनिटांत बदलली.

अडचण आली ती कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राशी बोलणाऱ्या एका छोट्या लायब्ररीमुळे. ती जुन्या नम्पायवर कंपाइल केलेली होती आणि ‘नम्पाय दोनच्या खालचेच हवे’ अशी अट तिच्या कर्त्याने घातली नव्हती, त्यामुळे पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) खुशाल २.० बसवले आणि प्रोग्राम सुरू होण्याआधीच बंद पडला. कर्त्याला पत्र लिहिले. त्याला कोडची एकही ओळ बदलावी लागली नाही, फक्त नव्याने बांधणी करायची होती. तरी त्यात तीन आठवडे गेले. एकटा माणूस, फावल्या वेळातले काम. तक्रार तरी कोणाकडे करायची?

त्याहून त्रासदायक ठरले ते एररशिवाय झालेले बदल. ३२ बिटांच्या सुट्या संख्येत साधा दशांश मिळवला, तर उत्तर पूर्वी ६४ बिटांचे, म्हणजे अधिक अचूक, येई, आता ३२ बिटांचेच राहते. माझ्या सरासरीचे शेवटचे आकडे त्यामुळे हलले. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे, पण मी ते नंतर वाचले. छापील अहवालात तर १८७.० च्या जागी ‘एनपी.फ्लोट६४(१८७.०)’ (एनपी हे कोडमधले नम्पायचे लघुनाव) उमटू लागले आणि मालकांनी कागद पुढे करून विचारले, “हे एनपी कुठलं काढलंय ओ?”

तरीही उद्यमबागेतील प्रोग्राम मी २.० वरच ठेवला आहे. खानापूरच्या एका ग्राहकाचा मात्र १.२६ वरच आहे, कारण त्याच्या वजनकाट्याच्या लायब्ररीच्या कर्त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि १.२६ ची साथ पायथन ३.१२ पर्यंतच असल्याने त्या संगणकावरचे पायथनही मी तिथेच थांबवून ठेवले आहे.