लेखन कार्यशाळेचे सात महिने: ४०० रुपये कुठे वसूल झाले, कुठे नाही

जून ते डिसेंबर, दर रविवारी सकाळी दहा ते एक, मी बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर लेखन कार्यशाळेला जाऊन बसलो. फी महिन्याला ४०० रुपये, त्यात एक चहा. दर महिन्याला साहित्यप्रकार बदलतो आणि शिकवणारा लेखकही. लेखक सगळे आपल्याच भागातले, कुणी खानापूरकडचे, कुणी निपाणीचे, एक तर चंदगडहून एसटीने येणारे. नवीन तुकडी सुरू होतेय म्हटल्यावर ओळखीचे चार-पाच जण विचारून गेले, "जाऊ का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तपासणीला आहे. वय ४७, राहायला वडगाव. गेली वीस वर्षं माझं लिखाण म्हणजे रिजेक्शन रिपोर्ट, तोही निम्मा इंग्रजीत. घरात मराठी, कामावर कन्नड आणि हिंदी. इंदिरा संत आपल्या गावात राहून लिहीत होत्या, पु. ल. इथल्या आरपीडी कॉलेजात शिकवत होते, जी. ए. जिल्ह्यातल्याच एकसंब्याचे, हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. पण ती मंडळी फोटोतली. समोर बसून आपला कागद वाचणारा लेखक मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि सगळी गंमत त्या कागदातच आहे. पहिला महिना कथेचा. शिकवायला खानापूरकडचे निवृत्त शिक्षक. व्याख्यान जेमतेम वीस मिनिटं. नंतर आम्हा चौदा जणांच्या वह्या घेऊन गेले आणि पुढच्या रविवारी शिसपेन्सिलीने खुणा करून परत आणल्या. माझी कथा सात पानांची, रात्रपाळीतल्या एका मोल्डरवर, म्हणजे साचे करणाऱ्या कामगारावर. पहिल्या दीड पानावर त्यांनी एक हलकी तिरकी रेघ मारली होती. त्यात मी भट्टी, वाळू, पावसाळा, कारखान्याचं गेट असं सगळं सजवून ठेवलं होतं. मला राग आला. ते म्हणाले, "हे लिहिल्याशिवाय तुम्हाला पुढचं सुचलं नसतं. पण वाचकाला कशाला?"

घरी येताना डोक्यात उजेड पडला, हे तर रायझर! साच्यात धातू ओतला की थंड होताना आक्रसतो, तेव्हा त्याला वरून पुरवठा करायला जादा धातूचा खांब ठेवतात. तो नसला तर आत पोकळी राहते. पण कास्टिंग (ओतलेला भाग) बाहेर निघालं की फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, पहिल्यांदा तोच कापतात, कुणी गिऱ्हाइकाला रायझरसकट माल पाठवत नाही. पुढच्या रविवारी सरांना हे सांगितलं तर त्यांनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. दीड पान मी कापलं. कथा बरी झाली, फार नाही.

त्याच कथेत येळ्ळूरचा मोल्डर आपल्या हेल्परला विचारतो, "तू कुठे जात आहेस?" सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि पूर्ण माडी हसली. मग मी "कुठं जाऊलास?" केलं. छान. पण जुलैत कवितेच्या बाई आल्या, त्यांनी आधीचं लिखाण बघायला म्हणून तीच पानं मागितली आणि "जाऊलास"भोवती गोल करून बाजूला लिहिलं: अशुद्ध. पुण्याच्या वाचकाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्याच्या तोंडी त्याची बोली नसेल तर ते वाक्य खोटं, असं माझं मत. पण तक्रार मताची नाही. एका महिन्याचा लेखक दुसऱ्या महिन्याच्या लेखकाशी एक शब्द बोलत नाही, ही तक्रार आहे. आपण मधल्यामधे पिंगपाँगचा चेंडू. संयोजकांना दोनदा सांगितलं, दोनदा मान हलवून मिळाली.

जुलैचं आणखी काय सांगू? पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की कविता ऐकायच्या नव्हत्याच, ओठ वाचायचे होते.

गझलेचा ऑगस्ट मला झेपला नाही. लगागागा (ल लघु, गा गुरू) चार वेळा म्हणजे वियद्गंगा वृत्त, एवढं पाठ झालं. लघु-गुरू मोजणं तर तपासणीतल्या माणसाला सोपंच. काफियाची (यमकाची) अलामत (त्यातला न बदलणारा स्वर) कळली, म्हणजे "सावली"शी "बाहुली" का चालत नाही ते. "ली"च्या आधी एकीकडे अ आहे आणि दुसरीकडे उ, म्हणून ते बसत नाही. नियम पक्के, शिकवणारे तरुण आणि तयारीचे. पण महिनाभरात माझा एकही शेर उभा राहिला नाही आणि चार रविवारांत तो कुणाचाच राहील असं वाटत नाही. सप्टेंबरात बालसाहित्य होतं आणि गणपतीही होते. बेळगावात दोन्हींत कोण जिंकणार हे सांगायला नको. दोन रविवार बुडाले, फी पूर्ण घेतली. ऑक्टोबरची एकांकिका मजेची, वाचून दाखवताना कुठलं वाक्य जिभेवर अडकतं ते लगेच समजतं.

नोव्हेंबर अनुवादाचा. त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

शिकवायला गोकाककडचे एक कन्नड लेखक. मराठी अस्खलित, मधूनच "हौदु हौदु" (हो, हो). पहिल्याच दिवशी त्यांनी कवी द. रा. बेंद्र्यांचं सांगितलं: घरची भाषा मराठी, लिहिलं कन्नडात आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. महिन्याची सुरुवात एक नोव्हेंबरच्या आठवड्यातली. आमच्यातले चौघे काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, सायकल फेरीला जाऊन आलेले, त्यामुळे सुरुवातीला माडीवर जरा ताठरपणा होता. सरांनाही तो दिसला असणार, पण त्यांनी विषय काढला नाही. स्वतःचं एक पान कन्नडातून सावकाश वाचलं, कारण निम्म्यांना लिपी वाचता येत नाही, कानाने मात्र सगळ्यांना कळतं. गावातल्या एका विहिरीवरचं पान. पहिल्या वाक्याचा अर्थ एवढाच, की या विहिरीचं पाणी 'नावु' पितो.

आम्ही चौदा जणांनी मराठी केलं. नऊ जणांनी लिहिलं, "आम्ही पितो." पाच जणांनी, "आपण पितो." कन्नडात दोन्हींना 'नावु' एकच. सर म्हणाले, "हे तुमच्या भाषेतलं दुखणं, माझ्या नाही. आता सांगा, बोलणाऱ्याच्या शेजारी कोण उभं आहे?"

त्यावर पाऊण तास गेला. खानापूरचा एक पोरगा म्हणाला, "'आपण' लिहिलं तर विहीर ऐकणाऱ्याचीपण होते की." एक बाई म्हणाल्या, मग 'आम्ही' लिहिलं तर तो तहानलेला राहतो. फेरीला जाऊन आलेले एक काका बराच वेळ गप्प होते. त्यांनी वहीतलं "आम्ही" खोडलं, "आपण" लिहिलं, मग ते खोडून परत "आम्ही" लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो. त्यांचं शेवटी काय राहिलं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. माझं "आपण" होतं आणि ते मी आळसाने लिहिलं होतं, विचार करून नाही, हे कबूल करतो.

एवढ्या एका वाक्यासाठी वर्षाची फी दिली असती.

डिसेंबरात आत्मकथन. शिकवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या तीन शब्दांवर बंदी घातली: अन्याय, अस्मिता, संघर्ष. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात गेलेले एक आजोबा वर्गात आहेत. ते तडक उठून गेले. पुढच्या रविवारी आले ते दोन पानं घेऊन. आत असताना दोन दिवस त्यांच्या डोक्यात एकच घोर: खडेबाजारात लावलेल्या सायकलला कुलूप घातलं होतं की नाही. ती दोन पानं त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण. बंदी घातलेला एकही शब्द त्यात नव्हता, आणि आजोबा बाईंशी अजूनही बोलत नाहीत.

आता तक्रारी. बाकं शाळेच्या पोरांची आहेत, तीन तासांनी गुडघे बोलतात. डिसेंबर-जानेवारीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा अशी गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात. मग लेखक मांडवात आणि आमच्या वह्या पिशवीत. गेल्या महिन्यात दोनदा न तपासलेल्या परत मिळाल्या. संमेलनात ऐकायला मिळतं, ते फुकट. इथे पैसे देतो ते वही तपासून घेण्यासाठी, ती तपासली नाही तर हिशेब बसत नाही. शिवाय शेवटच्या दिवशी जाहीर झालं की सगळ्यांच्या लेखनाचं मिळून पुस्तक काढायचं, प्रत्येकी १५०० रुपये. जूनमध्ये हे कुणी बोललं नव्हतं. मी दिले नाहीत, सहा जणांनी दिले.

सगळ्यात मोठी अडचण मात्र रचनेतच आहे. चार रविवार म्हणजे हात बसायला लागतो तेवढ्यात प्रकार बदलतो. ज्याला अजून कळलेलं नाही की आपण काय लिहिणार, त्याला हे फिरतं वेळापत्रक चांगलं. ज्याच्या पिशवीत आधीच अर्धी कादंबरी आहे, त्याने सगळे महिने घेऊ नयेत. कथा आणि अनुवाद घ्यावा. जाताना दुसरं काही नको, लिहिलेली चार पानं न्यावीत. रिकाम्या हाताने गेलेल्यांना तीन तास नुसतं ऐकत बसावं लागतं आणि शेवटी ते गळतात. चौदापैकी डिसेंबरअखेर नऊच उरलो.

नवीन तुकडीत मी दोन महिन्यांचे पैसे भरलेत. अनुवादाला तेच सर येणार, असं संयोजक म्हणतात. चुकून गझलेच्या महिन्याचीही पावती फाटली आहे, पैसे परत नाहीत पण नाव बदलून देतात. वियद्गंगेत उतरायची कुणाची तयारी असेल तर माझी जागा घ्या, खिडकीकडचं बाक आहे, फक्त पावसात तिथे गळतं.