पुश करण्याआधीची साफसफाई: गिटचं फिक्सअप-ऑटोस्क्वॉश पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी आम्ही हीट नंबर (भट्टीतल्या एका घाण्याचा क्रमांक), रिजेक्शन आणि डिलिव्हरी चलनाचं सॉफ्टवेअर करतो. टीम लहान. काहीजण बेळगावात, एकजण निपाणीला, एकजण खानापूरच्या बाजूला. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन. त्यात कमिट, म्हणजे बदलांची एक नोंद, करायला नेट लागत नाही, त्यामुळे काम अडत नाही. पण पुश न झालेले, म्हणजे सर्व्हरवर न गेलेले, कमिट साठत जातात. यूपीएस ओरडायला लागला की हातात जे असेल ते कमिट होतं. नेट आल्यावर ते सगळं जसंच्या तसं पाठवलं, तर तपासणाऱ्याच्या पुढ्यात ‘लाइट गेली’, ‘परत’, ‘आता बरोबर’ अशा नावांची रांग येते आणि नेमकं काय बदललंय हे शोधण्यातच त्याचा वेळ जातो.

इंटरॅक्टिव्ह रिबेस, म्हणजे कमिटची यादी उघडून ते पुन्हा मांडणं किंवा एकत्र करणं, आम्हाला नवा नव्हता. अडचण अशी, की तो काम संपल्यावर करायचा, आणि तोपर्यंत कुठली दुरुस्ती कशाची हे डोक्यातून गेलेलं असतं. ‘गिट कमिट --फिक्सअप’नं नेमकं हेच सोडवलं. दुरुस्ती करताना, सगळं ताजं असतानाच, ती कुठल्या कमिटची हे नोंदवून ठेवायचं. गिट त्या कमिटच्याच शीर्षकापुढे ‘फिक्सअप!’ लावून नवा कमिट करतं. शेवटी ‘--ऑटोस्क्वॉश’ देऊन रिबेस केला की प्रत्येक दुरुस्ती आपापल्या मूळ कमिटखाली जाऊन बसते आणि त्यात मिसळते. साफसफाई शेवटी एकदम करायचं काम राहत नाही, ती रोजच्या कामातच होत जाते. मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं.

एक खरं उदाहरण देतो. चलनाच्या स्क्रीनवर हीट नंबरने शोधायची सोय करायची होती. नंबर मजकूर म्हणून साठवलेले, त्यामुळे यादीत ९च्या आधी १० यायचा. तो क्रम सुधारायचा होता. शिवाय लेबलं मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही हवी होती, कारण शॉपवर काम करणारे कुणी कन्नड वाचतात, कुणी मराठी. म्हणजे मुळात तीन कामं. प्रत्यक्षात ती एकमेकांत मिसळत पुढे गेली. लेबलं टाकताना क्रमातली एक टेस्ट पडली, ती दुरुस्त करताना दिसलं की कन्नड लेबल बटणात मावत नाही, ते बसवताना शोधाच्या कोडमधली एक ओळ हलली. अशा वेळी ‘गिट अ‍ॅड -पी’ने बदलांचे तुकडे निवडायचे आणि प्रत्येक तुकडा ज्याचा त्याच्या नावावर फिक्सअप करायचा. तपासायला गेलं तेव्हा तीनच कमिट होते: क्रम, शोध, लेबलं.

याचा फायदा पुढे झाला. एका ग्राहकाला नवी लेबलं पसंत पडली नाहीत, त्यांना जुनीच हवी होती. त्यांच्यासाठी लेबलांचा तेवढा एक कमिट रिव्हर्ट केला, म्हणजे उलटवला. क्रम आणि शोध जागच्या जागी राहिले. सगळंच एका कमिटमध्ये दाबून मर्ज करण्याची, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. लहान बदलाला ती चालते. पण इथे तसं केलं असतं, तर लेबलं काढताना शोधही गेला असता. बिघाड कुठल्या कमिटने आला हे शोधणाऱ्या बायसेक्टलाही हेच लागू आहे. मधला प्रत्येक कमिट चालता असेल, तरच तो बिघाडाची जागा अचूक दाखवतो. म्हणून रिबेस करताना ‘--एक्झेक’ देऊन प्रत्येक कमिटवर टेस्ट चालवतो. वेळ लागतो, पण शेवटचा कमिट हिरवा आणि मधला लाल हा प्रकार तिथेच पकडला जातो.

आता सांभाळायच्या गोष्टी. आधी सध्याच्या जागेवर एक जादा ब्रँच (कामाची वेगळी शाखा) करून ठेवा. मग मेनवरचे, म्हणजे मुख्य ब्रँचवरचे, नवे बदल आत न घेता, ‘--कीप-बेस’ लावून फक्त साफसफाई करा. संपल्यावर त्या जादा ब्रँचशी डिफ घ्या, म्हणजे दोन्हींतला फरक पाहा. तो पूर्ण रिकामा आलाच पाहिजे, कारण आपण मांडणी बदलली आहे, कोड नाही. एक ओळ जरी दिसली, तरी कॉन्फ्लिक्ट (एकमेकांवर आलेले बदल) सोडवताना काहीतरी सुटलंय. मेनवर नेण्याचा रिबेस त्यानंतर, वेगळा. दोन्ही एका दमात केले की हा रिकाम्या डिफचा पुरावा हातचा जातो, आणि तो पुरावा मला फार मोलाचा वाटतो. जादा ब्रँच केली नसली तरी रिफ्लॉग, म्हणजे ब्रँच कुठून कुठे सरकली याची गिटने ठेवलेली नोंद, असतोच. ब्रँचच्या सध्याच्या टोकापासून पोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी तो मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस ठेवतो, बाकीच्या ९० दिवस.

रिबेस म्हणजे नवे कमिट, नवे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक). त्यामुळे दुसऱ्याने ज्यावर काम सुरू केलंय, त्या ब्रँचला हात लावायचा नाही. आमच्यात यावर तडजोड नाही. आपलीच ब्रँच आधी पुश झाली असेल तर ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा, म्हणजे सर्व्हरवर दुसऱ्याचं नवं काही आलं नसेल तरच पुश होतं, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. एडिटरमध्ये आपोआप फेच (सर्व्हरवरचं नवं खाली आणणं) चालू असेल, तर दुसऱ्याचा कमिट तुम्ही न पाहताच आपल्या मशीनवर नोंदला जातो आणि लीजला सगळं ठीक वाटतं. २.३० आवृत्तीपासून सोबत ‘--फोर्स-इफ-इन्क्लूड्स’ देता येतं. ते हीच फट बुजवतं.

निपाणीचा सहकारी सुरुवातीला कुरकुरायचा. एकदा तपासलेलं काम साफ करून पुन्हा आलं, की त्याला सगळं नव्याने वाचावं लागे. ‘दादा, परत पहिल्यापासून बघायचं होय?’ त्याचं म्हणणं रास्तच होतं. ‘गिट रेंज-डिफ’ने ते मिटलं. जुनी मालिका आणि नवी मालिका शेजारी ठेवून कुठल्या कमिटमध्ये काय बदललं, तेवढंच ते दाखवतं. आता पुन्हा तपासायला देताना त्याचा निकाल सोबत जोडणं आम्ही सक्तीचं केलंय.

खटकतं तेही सांगतो. रिबेसच्या यादीत जुना कमिट वर आणि लॉगमध्ये नवा वर. शिकणाऱ्या पोरांची इथे हमखास गफलत होते. तोच तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा सोडवावा लागतो, त्यावर एकदा दिलेलं उत्तर लक्षात ठेवणारं ‘रीरीरी’ चालू करणं हा उपाय आहे, पण ते मुळात बंद असतं आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. आपल्याकडचा एक त्रास म्हणजे टेस्टच्या काही नमुना फायलींची नावं कन्नड आणि मराठीत आहेत, ती स्टेटसमध्ये नुसते आकडे आणि उलट्या तिरप्या रेघा म्हणून दिसतात. ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स केलं की नावं नीट वाचता येतात.

इतिहास असा बदलणं खोटेपणाचं आहे, असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. जो फसलेला प्रयत्न पुढच्याला उपयोगी आहे, तो कमिटच्या संदेशात शब्दांत लिहायला हवा: नंबर आकड्यांत साठवून पाहिले, पण काही फाउंड्र्या हीट नंबरमध्ये अक्षरंही वापरतात म्हणून सोडून दिलं. ‘परत’ नावाच्या कमिटमधून हे कुणाला कधीच कळलं नसतं.

सुरू करायचं असेल तर आधी गिटची आवृत्ती पाहा. उबुंटू १८.०४ असलेल्या जुन्या मशीनवर २.१७ येते, तिच्यात रेंज-डिफ नाही, ते २०१८ मध्ये २.१९ला आलं, आणि कीप-बेस २०१९ मध्ये २.२४ला. २.४४पासून ऑटोस्क्वॉश एडिटर न उघडताही चालतं. ‘रिबेस.ऑटोस्क्वॉश’ हे सेटिंग एकदा ट्रू केलं की इंटरॅक्टिव्ह रिबेसला ते दर वेळी लिहावं लागत नाही.