नामिबियाची सफारी: गेटच्या आत की गेटच्या बाहेर?

नामिबियाची सहल विकायला धडधडीत खोटं बोलावंच लागत नाही. गावांची नावं खरी, फोटो खरे, जनावरंही खरीच. लबाडी होते ती किलोमीटरांत आणि गेटच्या वेळांत. पुण्यात बसून ती कळणं अवघड आहे. आमच्या तीन कुटुंबांना गेल्या ऑगस्टमध्ये ती तिथे जाऊन कळली. जून ते ऑक्टोबर हा तिकडचा कोरडा, जनावरं दिसण्याचा हंगाम. त्याची जाहिरात पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एजंट पुण्यातलाच. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे नाव लिहीत नाही. माणूस बोलायला गोड. माझ्या सासऱ्यांना म्हणाला, ‘काका, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा.’ विमानभाडं धरून माणशी साडेतीन लाखांच्या आसपास. माहितीपत्रकाच्या डोक्यावर ‘चला, कुनोच्या चित्त्यांच्या माहेरी!’ असं ठळक छापलेलं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात आले, तेव्हापासून या देशाचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत झालंय आणि ते असं वापरलंही जातंय. खाली कार्यक्रम: सोसुसव्हले दोन रात्री, मग समुद्रकाठचं स्वाकोपमुंड, मग एटोशा या राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री, ‘पाणवठ्यालगतचा ओकाउक्वेयो कॅम्प’. गाडी फोर बाय फोर. सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट.

आता हे ‘सोसुसव्हले दोन रात्री’ म्हणजे काय ते पाहा. सोसुसव्हले हे गाव नाही. तिथे हॉटेल नाही, वस्ती नाही. नामिब वाळवंटातल्या लाल टेकड्यांच्या मधली ती एक पांढऱ्या मातीची खोलगट जागा आहे. तिथे जायचं दार सेसरियमला. दारातून आत गेलं की साठेक किलोमीटर डांबरी रस्ता, शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू. त्यापुढे चालत गेलं की डेडव्हले, शेकडो वर्षांपूर्वी वाळून उभीच्या उभी राहिलेली काळी झाडं. प्रत्येक माहितीपत्रकावर असतो तो फोटो तिथला. तो सकाळचा असतो. सूर्य खाली असतो तोवर टेकडीची एक बाजू केशरी, दुसरी काळी, मधून सुरीने कापल्यासारखी कड. दहा-अकरा वाजले की सावली आटते आणि सगळं एकसारखं भगभगीत दिसतं. वाळू तापते ती वेगळीच.

सेसरियमला फाटक एक नाही, दोन आहेत. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. जे आतल्या कॅम्पमध्ये किंवा आतल्या लॉजमध्ये मुक्कामाला असतात त्यांना दुसऱ्या फाटकातून सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात. माहितीपत्रकावरचा तो फोटो म्हणजे हा एक तास. त्याचेच पैसे असतात.

आम्हाला उतरवलं सॉलिटेअरला. सेसरियमपासून ८३ किलोमीटर, खडीचा रस्ता. मुंबईत मुक्काम सांगून लोणावळ्यात उतरवावं, तसं. लॉज वाईट नव्हतं, माणसं चांगली होती, जवळच्या बेकरीतला ॲपल पाय प्रसिद्ध आहे आणि तो खरोखरच उत्तम होता. पण ‘पहाटे किती वाजता निघायचं?’ असं विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘उजाडल्यावर.’ त्या रस्त्यांवर अंधारात कुडू आणि ओरिक्स आडवे येतात, कुडू म्हणजे भल्यामोठ्या शिंगांचं हरीण. धडक बसली तर गाडीचा चुराडा होतो. म्हणून बहुतेक गाड्यांच्या विम्यात रात्री चालवायला परवानगी नसते. ड्रायव्हरचं काही चुकत नव्हतं. ऑगस्टात तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. उजाडल्यावर निघून आम्ही फाटकाशी नऊच्या आसपास पोचलो आणि डेडव्हलेला पाय ठेवला तेव्हा लोक परत निघाले होते.

मधल्या पाच किलोमीटरांत आणखी एक गंमत झाली. फोर बाय फोर म्हणून आलेली गाडी साधी मिनीबस होती. डांबर संपतं तिथे ती थांबली. पुढे वाळूतून न्यायला तिथे शटल असते, तिचे पैसे वेगळे. नऊ जणांचे आम्हीच भरले. प्रवेश शुल्काचंही तेच. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, ‘मला ऑफिसने पार्क फी दिलेलीच नाही.’ क्रेडिट कार्ड काढलं.

त्याच दुपारी ड्रायव्हरच्या सीटशेजारी क्लिपबोर्डला लावलेला कागद माझ्या बायकोच्या नजरेला पडला. तो त्याचा कामाचा तक्ता. आमचीच नावं, आमच्याच तारखा आणि मुक्कामाच्या रकान्यात ‘सॉलिटेअर’, ‘सॉलिटेअर’, ‘स्वाकोपमुंड’, ‘औटजो’, ‘औटजो’. गाडीच्या रकान्यात ‘मिनीबस, टू व्हील’. ओकाउक्वेयो हा शब्द त्यात कुठेच नव्हता. तक्ता छापल्याची तारीख आमच्या शेवटच्या हप्त्याच्या आधीची. म्हणजे ऐनवेळी खोल्या मिळाल्या नाहीत वगैरे काही नाही, पैसे घेताना त्याला सगळं ठाऊक होतं. बायकोने ड्रायव्हरला विचारून त्याचा फोटो काढला. पुढच्या सगळ्या भांडणात हा एक फोटो हजार बोलण्यांपेक्षा उपयोगी पडला.

एजंटाला व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं, ‘सर, औटजो म्हणजे एटोशाच. तुमचं ओकाउक्वेयोचं व्हाउचर कन्फर्म आहे, रिसेप्शनला दाखवा.’

औटजो एटोशाच्या अँडरसन फाटकापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तरी व्हाउचर हातात असल्यामुळे आम्ही बॅगांसकट ओकाउक्वेयोला गेलो. फाटकापासून आणखी १७ किलोमीटर. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. आरक्षण होतं. तात्पुरतं. पैसे न भरल्यामुळे काही महिन्यांपूर्वी रद्द झालेलं. त्यांनी मूळ पत्राची प्रत छापून दिली. नंबर तोच, नाव तेच, पण तळाला दोन ओळी जास्त: हे तात्पुरतं आरक्षण असून अमुक तारखेपर्यंत रक्कम न आल्यास आपोआप रद्द होईल. आमच्या पीडीएफमध्ये नेमका तेवढा पट्टा कापलेला होता. कापताना खालच्या चौकटीची रेघही गेली होती, दोन्ही कागद शेजारी धरले की शाळकरी पोराला कळेल.

त्या दिवशी कॅम्पमध्ये एकही खोली शिल्लक नव्हती. हे ऐकून सासूबाई तिथल्याच बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘चला, निदान चहा तरी घेऊ.’ पाणवठा समोरच होता. दुपारी तिथे झेब्रे आणि स्प्रिंगबॉक यांची रीघ लागली होती, ते पाहिलं. पण ओकाउक्वेयोची खरी किंमत रात्रीची आहे. पाणवठ्यावर दिवे लावलेले असतात, बुटक्या भिंतीमागे बाकावर बसायचं आणि काळे गेंडे पाण्यावर येतात ते बघायचं. मुक्कामाला असलेल्यांनाच ते मिळतं, कारण बाकीच्यांनी सूर्यास्ताच्या आत फाटकाबाहेर पडायचं असतं. फाटक गाठायचं, मग औटजो, त्यातही ड्रायव्हरला अंधार नको. चारच्या सुमारास आम्ही गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशीही तीच तऱ्हा. पहाटे सिंह पाण्यावर येऊन सावलीत शिरलेले असतात, आम्ही पोचायचो ते उन्हात.

चित्त्यांचं माहेर? ओटजिवारोंगो गावाजवळ चित्त्यांचं संवर्धन केंद्र आहे, कार्यक्रमात त्या गावाचं नावही होतं. आम्ही तिथे डिझेल भरलं.

तिथली व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्या विंडहुकच्या (नामिबियाची राजधानी) कंपनीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. ते लोक स्वच्छ बोलले. तुमच्या एजंटाने आमच्याकडून दोन दर मागवले होते, एक आत राहण्याचा, एक बाहेर राहण्याचा. पैसे बाहेरच्याचे भरले. आत राहण्याच्या दराचा कागद त्याने तुम्हाला दाखवला असेल तर आम्ही काय करणार? दोन्ही दरपत्रकं त्यांनी ईमेलने पाठवली. फरक आमच्या खिशातून गेला आणि त्याच्या खिशात राहिला.

परत आल्यावर एजंटाचं म्हणणं ठरलेलं. ‘सोसुसव्हले दाखवलं की नाही? एटोशा दाखवलं की नाही?’ मग जरा नरमला: पुढच्या केनिया टूरमध्ये ‘ॲडजस्ट’ करतो म्हणाला. नको म्हटलं. ज्याने एकदा पट्टा कापला त्याच्याकडून मसाई माराचं व्हाउचर कोण घेईल!

खरी अडचण दुसरीकडेच होती. परदेशी टूरचं पॅकेज विकताना एजंटाने टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घ्यायचा कर, गोळा करून सरकारात भरायचा असतो. हा कर आपला बुडत नाही, आपल्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना वजा करून घेता येतो. पण ऐकायला तो वाढीव खर्च वाटतो, आणि नेमकी तीच नस हा माणूस पकडतो. ‘तुमचा टीसीएस वाचवतो, निम्मी रक्कम या खात्यावर टाका.’ ते खातं त्याच्या कंपनीचं नसतं, घरातल्या कुणाचं तरी असतं. आमच्यातल्या एका कुटुंबाने तसे पैसे दिले. त्यांच्याकडे बिल अर्ध्याच रकमेचं आहे आणि तक्रारीत उरलेली अर्धी रक्कम टूरचीच होती हे सिद्ध करायला त्यांना नाकी नऊ आले आहेत. कर वाचवून देतो म्हणणारा मुळात पुरावा पुसत असतो.

तक्रार मात्र आपल्या गावात करता येते, हे अनेकांना माहीत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी फोन केला होता, तिथून एजंटाला विचारणा गेली आणि त्याने लेखी उत्तर दिलं. त्या उत्तरात त्याने ‘बाहेरील मुक्काम ग्राहकांच्या संमतीने’ असं लिहून ठेवलंय. वकिलीणबाई ते वाचून हसल्या, कारण संमतीचा एकही कागद त्याच्याकडे नाही. आता नोटीस लागू झाली आहे, त्याचा वकील तारखा घेतोय.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याची पुढच्या हंगामाची जाहिरात कुणीतरी टाकली. तोच डेडव्हलेचा फोटो, तेच ‘एटोशा दोन रात्री’. मी खाली एवढंच विचारलं, फाटकाच्या आत की बाहेर? जाहिरात टाकणाऱ्यांना खरंच माहीत नव्हतं.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी जरूर जावं, देश अप्रतिम आहे. प्रत्येक रात्रीच्या लॉजचं नाव लेखी मागा आणि ते नाव नकाशावर टाकून सेसरियम किंवा अँडरसन फाटकापासूनचं अंतर स्वतः बघा. एटोशातले ओकाउक्वेयो, हलाली, नामुतोनी आणि सेसरियमचा कॅम्प हे सरकारी कंपनीच्या ताब्यात आहेत. आरक्षणाचा नंबर घेऊन त्यांना एक ईमेल टाकली की पैसे भरलेत की नाहीत ते कळतं. गाडीचा प्रकार बिलावर लिहून घ्या. हिशोब डॉलरमध्ये सांगत असेल तर तिथला पैसा नामिबियन डॉलर आहे आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेला आहे, हे लक्षात ठेवून एकदा आकडेमोड करा. आणि बजेट तंग असेल तर बाकी सगळ्या रात्री खुशाल बाहेर काढा, स्वस्त लॉज पुष्कळ आहेत. एक रात्र सेसरियमच्या आत आणि एक ओकाउक्वेयोला, एवढं सोडू नका, मग खोलीऐवजी कॅम्पच्या मैदानात तंबू ठोकावा लागला तरी चालेल. तिकडच्या हिवाळ्यातल्या, म्हणजे जून-ऑगस्टच्या, तारखा मात्र महिनोन् महिने आधी भरतात.