ठिपक्यांतलं शांत बंदर: ॲक्रिलिक घ्यावं की तैलरंग?

गावाकडच्या घरात बसून बंदराचं ठिपक्यांचं चित्र (रंग न कालवता शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवायचे, ते लांबून नजरेत मिसळतात) काढायचं, तर रंगाचा निम्मा निर्णय हवामानच घेतं.

ॲक्रिलिकचा ठिपका काही मिनिटांत वाळतो, म्हणून निळ्याला खेटून नारिंगी लगेच ठेवता येतो. पण उन्हाळ्यात कूलरच्या झोतात बसलात, तर रंग ब्रशवरच घट्ट होऊन ठिपक्याला शेपूट येतं. ताटलीत ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर एकेक रंग तुरीच्या दाण्याएवढाच काढा. पाणी पाव हिश्श्यापुढे घातलं, की ठिपका चपटा होऊन पसरतो.

तैलरंगाचा ठिपका उभा राहतो, रंगही खोल दिसतो. ही ठिपक्यांची शैली घडवणाऱ्या फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरानं १८८८ मध्ये नॉर्मंडीतलं पोर्त-आं-बेसां बंदर तैलरंगातच रंगवलं. अडचण एवढीच की ओल्याला ओलं टेकलं, की दोघांचा चिखल. म्हणून एका बैठकीत एकच रंग, मग तीन-चार दिवस थांबायचं. पाच-सहा रंगांत महिना सहज जातो. पावसाळ्यात त्याहून जास्त. तोवर वावरातली धूळ चिकटते ती वेगळीच. आणि रंग पातळ करायला टर्पेंटाइनऐवजी रॉकेल नको, रंग मंद पडतो.

पहिलंच चित्र असेल तर ॲक्रिलिक घ्या. तैलरंग दिवाळी ते शिवरात्र, तेही दार लावता येणारी, पण खिडकी असलेली खोली असेल तरच.

रंग कोणताही घ्या, फसगत ठिपक्याच्या मापात होते. ए-३ कागदावर ३ मिमीच्या ठिपक्यांचा एक थर म्हणजे जवळपास १४ हजार ठिपके. सेकंदाला एक टेकवला तरी चार तास. शिवाय ३ मिमीचे ठिपके नजरेत पूर्ण मिसळायला दहाएक मीटर अंतर लागतं, आणि बैठकीची खोली तेवढी नसतेच. त्यामुळे शेजारचे ठिपके रंगानं वेगळे, पण उजळपणानं जवळचे ठेवा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला, की जास्त उजळ किंवा गडद पडलेला ठिपका लगेच सापडतो. एवढा धीर नसेल तर सराचा सोबती चित्रकार पॉल सिन्याक याची नंतरची पद्धत बरी: विटांसारखे रुंद फटकारे, मोजके आणि मोकळे.

पाण्यासाठी सहा निळ्यांमागे एक नारिंगी पुरे. दोन्ही सारखे टाकले तर लांबून राखाडी दिसतं. नवेगावबांधचा तलाव बघून सराव जरूर करा, फक्त तलावाला पलीकडचा काठ असतो. उघड्या समुद्राची क्षितिजरेषा मात्र पट्टीनंच आखा. ठिपक्यांच्या ओळी तेवढ्या सरळ नकोत, नाहीतर पाण्याचं छापील कापड होतं.

पोस्टर कलर शाळेच्या स्पर्धेपुरते ठीक. वरचा ओला ठिपका खालचा रंग सोडवतो, आणि भिंतीवर लावायचं तर काच हवीच.